तीच माणसं, तोच कारखाना: फ्रीमाँटमधली जनरल मोटर्स–टोयोटा भागीदारी

जनरल मोटर्सच्या इतिहासातल्या चुकांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यातलं एक प्रकरण वेगळं वाटतं, कारण त्यात कंपनीने पहिलं पाऊल बरोबर टाकलं होतं. कमी खर्चात चांगली छोटी गाडी कशी बनवायची याचं उत्तर सापडलं होतं, तेही स्वतःच्याच कारखान्यात आणि स्वतःच्याच जुन्या कामगारांच्या हातून. ते उत्तर बाकीच्या कारखान्यांपर्यंत पोहोचायला मात्र वीसेक वर्षं लागली. या लेखात कामगारांची आणि मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांची नावं दिलेली नाहीत. ज्यांची नावं आहेत ती सार्वजनिक पदांवरची माणसं आहेत.

पार्श्वभूमी

विल्यम ड्युरंट यांनी १९०८ मध्ये मिशिगन राज्यातल्या फ्लिंट इथे जनरल मोटर्स स्थापन केली. पुढे आल्फ्रेड स्लोन यांनी तिची घडी बसवली. शेव्हरोले स्वस्त, कॅडिलॅक सर्वांत महाग आणि मधल्या पायऱ्यांवर पाँटिअक, ओल्ड्समोबील, ब्यूइक. गिऱ्हाइकाची कमाई वाढली की त्याने पुढच्या पायरीवरची गाडी घ्यायची, पण कंपनी बदलायची नाही. हा हिशेब इतका जमला की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी साधारण एक जनरल मोटर्सची असे.

या सगळ्याचा पाया म्हणजे मोठी गाडी आणि मोठा नफा. छोटी गाडी कंपनीला कधी मनापासून बनवावीशी वाटली नाही आणि नीट बनवताही आली नाही. १९७० मध्ये आलेली शेव्हरोले व्हेगा गंजण्यासाठी आणि इंजिन तापण्यासाठी बदनाम झाली. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर अमेरिकन गिऱ्हाईक जपानी गाड्यांकडे वळलं. १९८० मध्ये जनरल मोटर्सला तोटा झाला. १९२१ नंतर पहिल्यांदाच.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला फ्रीमाँट नावाचं गाव आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना साठच्या दशकाच्या सुरुवातीला उघडला. तो कंपनीतल्या सर्वांत वाईट कारखान्यांपैकी एक मानला जाई. गैरहजेरी २० टक्क्यांच्या पुढे. अचानक काम बंद पाडणं नेहमीचं. युनियनच्या तक्रारींचा ढीग हजारांत मोजावा लागायचा. सोमवारी सकाळी गाड्या जुळवण्याची लाइन चालू करायला पुरेशी माणसं नसत, कामाच्या वेळात दारू चाले, हे तिथल्याच कामगारांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं आहे.

ते नुसते आळशी होते म्हणून विषय सोडून देता येत नाही. तिथला एकच नियम सगळं उलगडून दाखवतो: लाइन थांबवायची नाही. काहीही झालं तरी. बोल्ट चुकीचा बसला, दाराचा पत्रा नीट जुळला नाही, इंजिनाचा एखादा भाग लावायचा राहिला, तरी गाडी पुढे सरकली पाहिजे. दोष असेल तर नोंद करा, शेवटी यार्डात दुरुस्त होईल. त्यामुळे बाहेरच्या यार्डात अर्धवट, बिघडलेल्या गाड्यांच्या रांगा लागत आणि दुरुस्तीवाले झाकलेले भाग उघडून आतला बोल्ट शोधत बसत. चूक समोर दिसत असताना हात बांधून उभं राहायचं हेच ज्याला वर्षानुवर्षं शिकवलं, त्याने कामात जीव ओतावा अशी अपेक्षा करता येत नाही.

१९८२ च्या सुरुवातीला कंपनीने फ्रीमाँट बंद केलं. हजारो कामगार घरी बसले.

अडचण

अडचण दोन कंपन्यांची होती आणि ती वेगवेगळी होती.

जनरल मोटर्सला फायद्यात छोटी गाडी बनवता येत नव्हती. सरकारी इंधन-मानकांमुळे छोट्या गाड्या विकणं भाग होतं आणि प्रत्येक छोट्या गाडीमागे नुकसान होत होतं. जपानी कंपन्या इतक्या कमी खर्चात इतकी चांगली गाडी कशा बनवतात, याची अमेरिकन मोटारधंद्याचं केंद्र असलेल्या डेट्रॉइटमध्ये तेव्हा ठरावीक उत्तरं होती: तिकडे मजुरी स्वस्त आहे, यंत्रमानव जास्त आहेत, माणसं आज्ञाधारक आहेत.

टोयोटाची अडचण राजकीय होती. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेला होणारी गाड्यांची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर ‘स्वेच्छेने’ रोखली. अमेरिकेत कारखाना काढल्याशिवाय पुढे वाट नव्हती. होंडाने ओहायोत १९८२ मध्ये गाड्या बनवायला सुरुवात केली, निस्सान टेनेसीत येत होती. टोयोटाला खात्री नव्हती ती एका गोष्टीची. आपली पद्धत अमेरिकन कामगार, अमेरिकन युनियन आणि अमेरिकन पुरवठादार यांच्यासोबत चालेल का?

समोर असलेले पर्याय

जनरल मोटर्सपुढे तीन रस्ते होते. पहिला, स्वतःची छोटी गाडी पार नव्याने उभी करायची. दुसरा, ज्या जपानी कंपन्यांत आपले शेअर आहेत त्या इसुझू आणि सुझुकीकडून गाड्या आणून शेव्हरोलेच्या नावाने विकायच्या. तिसरा, टोयोटाशी भागीदारी. कंपनीने तिन्ही रस्ते एकाच वेळी धरले. पहिल्यातून पुढे सॅटर्न नावाची वेगळी कंपनीच निघाली. पैसा भरपूर असला की निवड करण्याची सक्ती राहत नाही, आणि माझ्या मते इथेच पहिली गडबड झाली. भागीदारी हा अनेक प्रयोगांतला एक प्रयोग ठरला. तिच्यावर कंपनीचं काहीच अवलंबून नव्हतं.

टोयोटाने आधी फोर्डशी बोलणी केली होती, ती फिसकटली. एकट्याने कारखाना काढता आला असता. पण अमेरिकेतलं कामाचं वातावरण ओळखायचं तर जाणकाराच्या सोबतीने, कमी जोखमीत ओळखावं, असं त्यांनी ठरवलं. १७ फेब्रुवारी १९८३ रोजी टोयोटाचे एइजी टोयोडा आणि जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी फ्रीमाँटमध्ये करारावर सह्या केल्या. दोघांची निम्मी-निम्मी मालकी. कारखाना जनरल मोटर्सचा, चालवायचा टोयोटाने. प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीने कडाडून विरोध केला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी मंजुरी दिली, तीही १२ वर्षांच्या मुदतीची. नव्या कंपनीचं नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग. सगळे तिला नुमी म्हणत.

खरा पेच कामगारांचा होता. त्याच गावातल्या, त्याच बदनाम युनियनच्या माणसांना परत घ्यायचं का? टोयोटाला सुरुवातीला हे नको होतं आणि जनरल मोटर्सच्याही अनेकांना हा वेडेपणा वाटत होता. नवीन, तरुण, युनियनचा अनुभव नसलेली माणसं घेणं सोपं होतं. निस्सानने टेनेसीत तेच केलं. पण ऑटो कामगारांच्या राष्ट्रीय युनियनशी भांडण घेऊन जनरल मोटर्सच्या भागीदाराला धंदा करता आला नसता. मध्यस्थीसाठी माजी कामगारमंत्री विल्यम युसरी यांना आणलं. सप्टेंबर १९८३ मध्ये समझोता झाला: युनियनला मान्यता, जुन्या कामगारांना प्राधान्य, आणि बदल्यात कामाचे जुने नियम बाजूला. सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या फ्रीमाँटचे होते. व्यवस्थापनाशी सगळ्यात जास्त भांडलेले युनियनचे पुढारीही त्यात होते.

काय केलं

उत्पादन सुरू होण्याआधी सुमारे ४५० टीम लीडर आणि ग्रुप लीडर तुकड्या-तुकड्यांनी जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवले. तिथे त्यांनी वर्गात बसून ऐकलं कमी आणि लाइनवर जपानी कामगाराच्या शेजारी उभं राहून काम केलं जास्त. काम जमेना तेव्हा शेजारचा माणूस मदतीला यायचा आणि विचारायचा, हे सोपं करायला काय करता येईल? वीस-वीस वर्षं लाइनवर काढलेल्या या लोकांना हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. परतीच्या निरोप समारंभात कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं सोबत गेलेल्यांनी सांगितलंय.

फ्रीमाँटला परतल्यावर कारखान्याची रचनाच बदलली. आधी कामांचे ऐंशीच्या वर प्रकार होते. प्रत्येकाचं काम वेगळं आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. आता मोजकेच तीन-चार प्रकार राहिले. पाच-सहा जणांची टीम, त्यात सगळ्यांनी सगळी कामं शिकायची, आलटून पालटून करायची. साहेबांचं वेगळं जेवणघर गेलं, राखीव पार्किंग गेलं.

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या कारखान्यात काम केलेल्या वाचकाला काइझेन (कामात सतत छोट्या सुधारणा), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना), अँडॉन (अडचणीचा इशारा) हे शब्द आता रोजचे आहेत. १९८४ च्या कॅलिफोर्नियात ते संपूर्ण नवे होते, आणि त्यातही अँडॉनची दोरी सर्वांत नवी. लाइनच्या कडेने डोक्याच्या उंचीवर दोरी टांगलेली. काही चुकलं, एखादा भाग नीट बसला नाही, वेळेत हात पुरला नाही, की ती ओढायची. ओढली की एक धून वाजते, वर टांगलेल्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही. गाडी त्या जागेच्या शेवटच्या खुणेपर्यंत सरकत राहते. तेवढ्या अवधीत, म्हणजे मिनिटभराच्या आत, दोघांनी मिळून अडचण सोडवली तर दोरी पुन्हा ओढून दिवा बंद. नाही सुटली तर लाइन थांबते, आणि मग ती चूक इथेच, आत्ताच निस्तरायची असते.

कारखान्यात लाइन थांबण्याची किंमत मिनिटाला हजारो डॉलरमध्ये मोजतात. ज्या कामगारावर कालपर्यंत कोणाचाच विश्वास नव्हता, त्याच्या हातात ही दोरी दिली. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय मला हाच वाटतो. यंत्रं, इमारत, पगार यांपैकी कशातही एवढा मोठा बदल झाला नव्हता.

दोरी ओढायला लोक लगेच धजावले असं मात्र नाही. जुनी सवय आड येत होती. दोरी ओढली म्हणून कोणी रागावत नाही, उलट मदतीला येतो, हे पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर हात सरावले.

दुसरं मोठं पाऊल १९८५ च्या करारात आहे. त्यात कंपनीने लिहून दिलं की कामगार कमी करण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार कापू, बाहेर दिलेलं काम आत आणू, आणि तरीही कंपनीच्या अस्तित्वावर बेतलं तरच कामावरून कमी करू. कामगाराने काम सोपं करण्याची युक्ती सुचवायची तर त्या युक्तीने आपलीच नोकरी जाणार नाही याची हमी त्याला हवीच.

काय निष्पन्न झालं

डिसेंबर १९८४ मध्ये पहिली शेव्हरोले नोव्हा बाहेर पडली. ती म्हणजे अंगावर शेव्हरोलेची पट्टी लावलेली टोयोटा कोरोलाच होती.

दोन-तीन वर्षांतले आकडे बोलके आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी मोजमाप केलं तेव्हा जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जुळणीला ३१ तास लागत होते, ताकाओकाला १६ आणि फ्रीमाँटला १९. दर १०० गाड्यांमागे जुळणीचे दोष फ्रॅमिंगहॅमला १३०, ताकाओका आणि फ्रीमाँट दोन्हीकडे ४५. गैरहजेरी २० टक्क्यांवरून ३-४ टक्क्यांवर आली. स्वस्त मजुरी, यंत्रमानव, आज्ञाधारकपणा ही सगळी उत्तरं एका झटक्यात बाद झाली. फ्रीमाँटची यंत्रसामग्री काही त्या काळातली सर्वांत आधुनिक नव्हती, पगार युनियनच्या दराने होते आणि माणसं तीच होती, ज्यांना कंपनीने काम करायला नालायक ठरवलं होतं.

१९८७-८८ मध्ये परीक्षेची वेळ आली. नोव्हा अपेक्षेइतकी खपेना. बाप कोरोला असली तरी नावावर शेव्हरोलेचा जुना लौकिक चिकटला होता. कारखान्याची जवळपास ४० टक्के क्षमता पडून राहिली. इतर कुठलाही कारखाना असता तर दुसऱ्या आठवड्यात नोटिसा लागल्या असत्या. नुमीने एकालाही कमी केलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिलं, काइझेनच्या कामांना लावलं. करारातला शब्द कागदावरचा नव्हता हे कामगारांना त्या वर्षात कळलं.

इथवर हे यशाचं प्रकरण आहे. जनरल मोटर्सच्या बाकी कारखान्यांचं काय झालं ते मात्र निराळं आहे.

कंपनीने भागीदारीच्या सुरुवातीला आपले सोळा व्यवस्थापक फ्रीमाँटला शिकायला पाठवले होते. त्यांनी परत येऊन नेमकं काय करायचं, कोणत्या कारखान्यात, कोणत्या अधिकाराने, हे कोणी ठरवलंच नव्हतं. ते वेगवेगळ्या विभागांत विखुरले गेले, काहींनी कंपनीच सोडली. दरम्यान मुख्यालयाचं लक्ष यंत्रांकडे होतं. १९८४ मध्ये माहिती-तंत्रज्ञानातली ईडीएस ही कंपनी सुमारे अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली, १९८५ मध्ये ह्यूज एअरक्राफ्ट त्याच्या दुपटीने. डेट्रॉइटजवळ हॅमट्रॅम्कला यंत्रमानवांनी भरलेला नवा कारखाना उघडला, जिथे ते यंत्रमानव सुरुवातीला नीट चालेनात.

फ्रीमाँटची पद्धत लॉस एंजलिसजवळच्या व्हॅन नाइसमध्ये नेण्याचा प्रयत्न झाला. तिथे कमॅरो आणि फायरबर्ड या गाड्या बनत. १९८६ मध्ये टीमपद्धतीवर कामगारांचं मतदान घेतलं. ती जेमतेम मंजूर झाली. दोऱ्या बसवल्या, टीम पाडल्या. पण इथल्या युनियनला ही पद्धत म्हणजे कारखाना बंद करण्याची धमकी देऊन माथी मारलेली वाटत होती, फोरमनना अधिकार जाण्याची भीती होती, आणि त्यांचा बोनस अजूनही किती गाड्या निघाल्या यावरच ठरत होता. पुरवठादारांकडून सदोष माल येत राहिला. फ्रीमाँटला मागे टोयोटाची पुरवठ्याची शिस्त होती, इथे नव्हती. दोरी ओढली की धून वाजायची आणि पुढे काही होत नसे. ऑगस्ट १९९२ मध्ये व्हॅन नाइस बंद झालं.

ज्यांनी या भागीदारीची बोलणी केली होती ते जॅक स्मिथ १९९२ मध्ये जनरल मोटर्सचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. मग गती आली. त्याच वर्षी जर्मनीत आयझेनाखला ओपेल या जनरल मोटर्सच्याच कंपनीचा नवा कारखाना पहिल्या दिवसापासून याच पद्धतीने सुरू झाला आणि युरोपातल्या उत्तम कारखान्यांत गणला गेला. २००० नंतर अमेरिकेतल्या कारखान्यांचा दर्जाही टोयोटाच्या जवळ आला. तोवर गिऱ्हाईक गेलं होतं. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, आणि त्याच महिन्यात नुमीमधून अंग काढून घेतलं. टोयोटानेही एकट्याने कारखाना चालवायचा नाही असं ठरवलं. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची गाडी, एक लाल कोरोला, लाइनवरून उतरली आणि साडेचार हजारांच्या वर लोकांचं काम गेलं. त्याच मे महिन्यात टेस्लाने तो कारखाना ४ कोटी २० लाख डॉलरला घेतला.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

जुन्या कामगारांना परत घेण्याचा निर्णय दोन्ही कंपन्यांनी नाइलाजाने घेतला, आणि तोच सर्वांत मोलाचा ठरला. नवीन माणसं घेतली असती तर गाड्या कदाचित तितक्याच चांगल्या झाल्या असत्या, पण दोष व्यवस्थेचा होता की माणसांचा, हे कधीच सिद्ध झालं नसतं.

सोळा व्यवस्थापकांचं प्रकरण मात्र सहज टाळता आलं असतं. शिकायला पाठवण्याआधी त्यांच्या परतीची जागा ठरवायला हवी होती. एक कारखाना निवडायचा, सोळाही जणांना एकत्र तिथेच न्यायचं, तीन-चार वर्षं मुख्यालयाने हात लावायचा नाही. एकटा माणूस हजारोंच्या जुन्या सवयीत विरघळून जातो. सोळा जणांचा जथा निदान टिकून राहण्याची शक्यता तरी असते. आयझेनाखला साधारण असंच झालं, फक्त आठ वर्षं उशिरा.

व्हॅन नाइसमध्ये क्रम चुकला. फ्रीमाँटला आधी नोकरीचा शब्द, मग प्रशिक्षण आणि शेवटी दोरी आली. व्हॅन नाइसला दोरी पहिल्यांदा आली आणि शब्द आलाच नाही. शिवाय फोरमनचा बोनस न बदलता त्याच्याकडून लाइन थांबवण्याची अपेक्षा ठेवली. माझ्या मते एवढा एक नियम बदलला असता तरी बरंच वेगळं घडलं असतं, आणि तो बदलायला एक डॉलरही लागत नव्हता.

टोयोटाच्या बाजूचा प्रश्नही सोडून देण्यासारखा नाही. तिला फ्रीमाँटमधून जे शिकायचं होतं ते ती लवकर शिकली. १९८८ मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाउनला तिचा स्वतःचा, युनियन नसलेला कारखाना सुरू झाला. जनरल मोटर्स बाहेर पडल्यावर क्षमता जास्त, मंदी तीव्र, कॅलिफोर्नियाचा खर्च मोठा, ही कारणं खरी होती. तरीही अमेरिकेतल्या टोयोटाच्या जुळणी कारखान्यांपैकी युनियन असलेला हाच एक होता आणि बंद झालाही हाच. सव्वीस वर्षं दिलेला शब्द पाळणाऱ्या कामगारांना पर्यायी मॉडेल देण्याचा विचार किती गांभीर्याने झाला, हा त्या कामगारांचा प्रश्न रास्त होता आणि त्यांना त्याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही. १९८५ च्या करारात कारखाना मंदीत सापडला तर काय करायचं हे तपशीलवार होतं. दोन मालकांपैकी एक निघून गेला तर कामगारांचं काय, याबद्दलचं कलम तेव्हाच मागून घ्यायला हवं होतं.